एक शब्द इकडचा तिकडे नाही

बोरपळसच्या जिल्हा परिषद शाळेत जानराव इंगळे सर गणित शिकवायला लागले की गावात कुणाला घड्याळ बघावं लागत नसे. साडेदहाला "छेद समान करा बे!" ही आरोळी थेट एसटीच्या थांब्यापर्यंत जायची, आणि सोनाळ्याच्या गाडीची वाट बघत बसलेले लोक समजून घ्यायचे की गाडी आजही उशिरा आहे. एकतीस वर्षं हा आवाज असाच होता. या एकतीस वर्षांत आपल्या हाताखालून गेलेला एकही पोट्टा गणितात मागे पडला नाही, असं सर छातीवर हात ठेवून सांगत. जे मागे पडले ते आपल्या हाताखालून गेलेच नाहीत, बाजूनं निघून गेले, असंही सांगत. गणिताच्या माणसाला आकडेवारी कशी मांडायची ते कुणी शिकवावं लागत नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला तसं वाटण्याची शक्यता आहे. बाप दुसऱ्याच्या वावरात राबलेला, वस्तीतला पहिला पदवीधर म्हणजे जानराव. शाळेत दांडी मारणं त्यांना ठाऊक नव्हतं. स्वतःचा खडू खिशात घेऊन यायचे, शाळेच्या खडूवर विश्वास नव्हता. मुलं गणितात हुशार व्हावीत असं त्यांना खरोखर वाटायचं. फक्त ती कशी होतात याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं: मास्तरनं बोलायचं, पोरांनी आयकायचं, आणि ज्याला कळत नाही त्यानं खाली बसायचं.

त्यांच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या आणि तथागताच्या तसबिरीखाली एक खिळा होता. चौदा वर्षांपूर्वी सरांनी तो स्वतः ठोकला होता. जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा पाठवला, आणि निकालाच्या आधी खिळा ठोकून ठेवला. प्रशस्तिपत्र आल्यावर हातोडी शोधत बसायला नको. तो धरून आजवर सात प्रस्ताव गेले, सात वेळा दुसऱ्याच कुणाच्या भिंतीला खिळे लागले. दरम्यान केसरबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्या खिळ्याला चाळणी अडकवायला सुरुवात केली. सर चाळणी काढून ठेवत, बाई पुन्हा अडकवत. या विषयावर दोघांत एकदाही बोलणं झालं नाही. संसार असाच चालतो.

आता निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं. आठवा प्रस्ताव म्हणजे शेवटचा.

तंत्रज्ञानाशी सरांचं वैर होतं असं म्हणता येणार नाही. वैर व्हायला आधी ओळख लागते. शाळेत टीव्ही होता. दोन वर्षांपूर्वी मलकापूरहून आला, नारळ फुटला, फोटो निघाले, भिंतीवर 'डिजिटल शाळा' अशी अक्षरं रंगली. मग मुख्याध्यापक हिंमतरावांनी, धूळ बसू नये म्हणून, टीव्हीला खोळ शिवून घेतली. कापड कुठलं, तर मुलांच्या गणवेशाचं उरलेलं. त्यामुळे सातवीच्या वर्गात भिंतीवर गणवेश घातलेला एक विद्यार्थी कायम हजर असायचा. वर्गात सगळ्यात शांत. कधी दंगा नाही, कधी शंका नाही. जानरावांना तो मनापासून आवडायचा.

तर एका सोमवारी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आदेश आला. प्रत्येक शाळेनं 'विद्यार्थीनिर्मित व्हिडिओद्वारे अध्यापन' हा उपक्रम पंधरा दिवसांत राबवावा, त्यातला उत्तम व्हिडिओ शिक्षण परिषदेत दाखवावा, लिंक भरावी, फोटो टाकावेत. आदेशाखाली बत्तीस जणांनी हात जोडले. आपल्याकडे आदेश वाचला की हात जोडतात, मग तो पुन्हा वाचावा लागत नाही. पण जानरावांनी तो दोनदा वाचला, कारण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की पुरस्कारासाठी नाव पाठवताना या उपक्रमाचा विशेष विचार होईल.

सरांनी त्याच दुपारी स्वतःचा व्हिडिओ काढला. 'विद्यार्थीनिर्मित' या शब्दाकडे त्यांनी उदार मनानं दुर्लक्ष केलं. फोन खडूच्या डब्याला टेकवला, बटण दाबलं, आणि नेहमीच्या आवाजात पूर्ण तास घेतला. मग तो हिंमतरावांना आणि दीपमाला मॅडमला दाखवला. फोन जरा तिरका बसला होता. त्यामुळे पट्ट्यापासून सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत एवढाच भाग दिसत होता, आणि एकेचाळीस मिनिटं एक पोट अपूर्णांक शिकवत होतं.

हिंमतराव म्हणाले, "आवाज मस्त आला, सर." हिंमतराव कुणालाच दुखवत नसत. त्यांच्या कारकिर्दीचं सार तेवढंच आहे.

दीपमाला मॅडम शाळेत नव्या. हिवरा आश्रमाकडच्या, वयानं जानरावांच्या मुलीएवढ्या, आणि मोबाईल हातात धरला की तो त्यांचं ऐकायचा, ही गोष्ट सरांना जरा खटकायची. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता? मुलांनाच शिकवू द्या. गट पाडा, एकेका गटाला एकेक पाठ द्या. एकानं सर व्हायचं, बाकीच्यांनी वर्ग व्हायचं. दुसऱ्याला शिकवताना मुलं स्वतः जास्त शिकतात."

"पोट्टे शिकवतीन?" जानराव म्हणाले. "मंग मी काय करू? भजे तळू?"

पण खिळा डोळ्यांसमोर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीचे सहा गट पाडले. अपूर्णांकांची बेरीज, भागाकार, शेकडेवारी, नफा-तोटा, कोन, क्षेत्रफळ. मग टेबलावर छडी आपटून त्यांनी उपक्रमाचं शास्त्र एका वाक्यात सांगितलं.

"आयका. मी जसा शिकवतो तस्संच शिकवाचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला त माह्यासारखा वाईट नाही!"

एकोणीस मुलांनी माना हलवल्या. बोरपळसची मुलं आज्ञाधारक होती. हेच पुढे महागात पडलं.

राहिला प्रश्न फोन कुणी धरायचा. स्टँड नव्हतं. विटा रचून बघितल्या, त्या कोसळल्या. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती प्रतीक्षापाशी थांबली. प्रतीक्षा कुठल्याच गटात नव्हती. तिला गटात घ्यायला कुणी ना म्हणालं नव्हतं, पण सरांनी यादीच अशी केली होती की सहा गट गुणिले तीन, अठरा, आणि एक बाकी. गणितात बाकी उरतेच.

"प्रतीक्षा, तू फोन धर. तुह्यानं गणित त होत नाही, हात तरी हालवू नको."

"हाव सर," प्रतीक्षा म्हणाली. तिचा हात खरंच हलत नसे. आईबरोबर मिरच्या तोडायला जायची, टोपली डोक्यावर तोलून मैलभर चालत यायची.

आठ दिवस शाळेमागच्या निंबाखाली चित्रीकरण चाललं. जानराव तिकडे फिरकले नाहीत. कलाकाराला मोकळीक द्यावी असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे. ते आठव्या प्रस्तावात बुडाले होते. प्रस्तावात 'आपल्या अध्यापनाचे वेगळेपण दोनशे शब्दांत' असा रकाना होता. सरांचे साडेचारशे झाले होते आणि अजून त्रैराशिकापर्यंतच आले होते. अधूनमधून खिडकीतून मुलांच्या हसण्याचा आवाज यायचा, मग "परत घ्या, परत घ्या" असा गलका. एक पाठ दहा-दहा, अकरा-अकरा वेळा घेतला जात होता. एवढी उजळणी सरांनी छडी घेऊनही कधी करून घेतली नव्हती. पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे त्यांनी ते प्रस्तावात लिहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम ठरली. सोमवारी परिषद होती. टीव्हीची खोळ काढली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. रिमोटमधले सेल सापडेनात. ते दोन वर्षांपासून हिंमतरावांच्या केबिनमधल्या घड्याळात सरकारी सेवा बजावत होते. ते काढले, घड्याळ बंद पडलं, टीव्ही सुरू झाला. जानराव पुढच्या खुर्चीत बसले. शेजारी हिंमतराव. मागे सतरंजीवर सातवी.

पहिला व्हिडिओ भागाकाराचा. शिवम सर झाला होता. तारेचा चष्मा, बाह्यांवर खडूची पूड, आणि दर दोन वाक्यांनंतर पँट वर ओढायची. वर्ग फुटला हसून. जानरावही हसले. पोट्ट्यानं घसा कसा खाकरावा तेसुद्धा टिपलं होतं. शिवमच्या पुढ्यात भाकरी ठेवल्या होत्या, त्या मोडून मोडून तो तुकडे मांडत होता. भाकरी सरांनी कधी वर्गात आणली नव्हती, पण शब्द त्यांचेच होते. "समजा का..." शिवम म्हणायचा आणि सरांची मान आपोआप हलायची. छान चाललं होतं. मग शिवमनं कमरेवर हात ठेवला आणि थेट पडद्यातून बाहेर बघत ओरडला:

"समजलं का? प्रतीक्षा, तुह्या डोक्यात जात नाही. बस खाली!"

आणि चित्र खाली गेलं. आधी शिवमचं पोट दिसलं, मग गुडघे, मग चपला. मग ते हळूच जरा वर वळलं आणि तिथंच राहिलं. उरलेला पाठ शिवमच्या नाकपुड्या आणि वरच्या निंबाच्या फांद्या एवढ्याच दृश्यात पार पडला.

"हे चित्र खाली काऊन गेलं?" जानराव म्हणाले. "फोन बिघडला काय?"

तेवढ्यात दुसरा व्हिडिओ सुरू झाला. त्यात हर्षल सर होता. शेकडेवारी. कापसाच्या वजनाचं उदाहरण, झकास. मधेच हर्षल गर्रकन वळला. "प्रतीक्षा, काय पाह्यतं भैताडावानी? तुले नाही येणार. बस खाली!" आणि चित्र खाली गेलं. पुढची शेकडेवारी हर्षलच्या हनुवटीखालून.

तिसऱ्यात एक मुलगी सर झाली होती, ओढणी खोचून. नफा-तोटा. "प्रतीक्षा, बस खाली." चौथ्यात कोन. पाचव्यात क्षेत्रफळ. सहाव्यात बेरीज. पाठ वेगळे, सर वेगळे, पण ते वाक्य प्रत्येकात होतं, बरोबर मध्यावर. जेवणात मीठ असतं तसं. कुणी चिडून म्हणत नव्हतं, कुणी चिडवत नव्हतं. 'समजा' आणि 'म्हणून' यांच्या मधली ती एक पायरी होती. आणि दर वेळी चित्र खाली जात होतं.

टीव्ही बंद झाल्यावर जानरावांनी मागे वळून विचारलं, "शिवम, ते मधी काय बोलले बे तुमी? कोनं सांगतलं होतं?"

शिवम उभा राहिला. तो घाबरला नव्हता. आपण बरोबर आहोत याची त्याला खात्री होती. "तुमीच सांगतलं होतं ना सर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुमी हरेक पाठात म्हणता. आमी सोडलं असतं त तुमी रागावले असते."

"आन् चित्र?"

"ते..." शिवमनं प्रतीक्षाकडे बघितलं. "सर, बस म्हटलं का ते बसते. तिच्याच हातात फोन होता. उभं राह्य म्हणून आमी सांगतलं तिले, पन ते बसूनच जाये. सवय हाये तिले."

प्रतीक्षा सतरंजीच्या टोकाला बसली होती. आपल्या हातून फोन हलला म्हणून तिला वाईट वाटत होतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बोरपळसच्या थांब्यावर त्या दिवशी कुणाला काही ऐकू आलं नाही. एकतीस वर्षं जो माणूस आपला आवाज ऐकवत होता त्यानं तो त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला, तोही सहा पोरांच्या तोंडून, लागोपाठ. लाज वाटली त्यांना. साधी, नागडी लाज. आणि लाजेच्या मागोमाग, आपण सगळेच जसे असतो तसे तेही असल्यामुळे, सोमवार आठवला.

हिंमतराव म्हणाले, "व्हिडिओ एक नंबर! भागाकाराचाच दाखवू. फक्त ते मधलं वाक्य तेवढं काढून टाका मॅडम. मोबाईलमधे जमते ना ते?"

"जमतं," दीपमाला मॅडम म्हणाल्या. पण त्या बघत होत्या जानरावांकडे. "कापू का, सर?"

आता इथं एखाद्या गोष्टीतला मास्तर म्हणाला असता, नको, जे आहे ते जगाला दिसू द्या. जानराव गोष्टीतले नव्हते, बोरपळसचे होते. घरी खिळा होता आणि वर्ष एकच होतं.

"काप," ते म्हणाले.

मॅडमनी तिथंच, उभ्या उभ्या, वाक्य कापलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. एकतीस वर्षांची सवय निघायला तेवढाच वेळ लागला, यालाच प्रगती म्हणतात. मग त्या म्हणाल्या, "वाक्य गेलं सर. पण चित्र खाली गेलेलं आहे ते नाही निघत. पुढचा सगळा पाठ खालूनच आहे."

सोमवारी परिषदेत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, चाळीस शिक्षकांसमोर व्हिडिओ दाखवला. दुपारच्या जेवणाआधीची वेळ होती, मठ्ठ्याचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता, त्यामुळे सगळे लक्ष देऊन बसले होते. शिवमच्या चष्म्यावर लोक हसले, भाकरीवर माना डोलल्या. मग चित्र खाली गेलं. केंद्रप्रमुखांनी चष्मा वर केला.

"इंगळे सर, हा कॅमेरा मध्येच खाली कसा गेला?"

जानराव उभे राहिले. तोंड उघडलं. काय बोलणार होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कदाचित खरंच सांगून टाकलं असतं, माणसाचा नेम नाही. पण हिंमतराव, कुणालाही न दुखवण्याच्या आपल्या व्रताला जागून, शेजारून उभे राहिले होते.

"ते मुद्दाम आहे साहेब. खाली बसलेल्या विद्यार्थ्याला फळा कसा दिसतो, मास्तर कसा दिसतो, ते दाखवलं आहे. विद्यार्थ्याच्या नजरेतून गणित! सरांची कल्पना."

मग केंद्रप्रमुखांनी टाळी वाजवली, आणि केंद्रप्रमुखांनी वाजवली म्हटल्यावर चाळीस जणांनी वाजवली. "विद्यार्थ्याच्या नजरेतून," केंद्रप्रमुखांनी डायरीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आपल्याकडे एवढा खोल विचार कोण करतं, असं ते भाषणात म्हणाले. जानरावांना शाल मिळाली, नारळ मिळाला, केंद्राचं प्रशस्तिपत्र मिळालं, आणि पुरस्कारासाठी इंगळे सरांचंच नाव जाईल असं जाहीर झालं. हिंमतराव खोटं बोलले असं म्हणायचीही सोय नव्हती. बिचाऱ्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा चुकून खरं निघून गेलं होतं.

जानरावांना वांग्याची भाजी गेली नाही.

घरी आल्यावर केसरबाईंनी प्रशस्तिपत्र बघितलं, पदरानं काच पुसली आणि आपणहून चाळणी काढून ठेवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. "आना इकडे, लावतो मी," त्या म्हणाल्या.

"राहू दे."

"काऊन? इतले साल त जीव काढला माहा त्या खिळ्यासाठी!"

"एक गणित राह्यलं माहं," जानराव म्हणाले. केसरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, प्रशस्तिपत्र भिंतीशी टेकवून ठेवलं आणि चाळणी परत अडकवली नाही. त्यातल्या त्यात तेवढा मान राखला.

मंगळवारी साडेदहाला सर वर्गात आले. थांब्यावरच्या लोकांनी कान दिला, आरोळी आली नाही. सरांनी खडू काढला, पुन्हा खिशात ठेवला आणि म्हणाले, "प्रतीक्षा."

प्रतीक्षा उठली. आणि सरांनी पुढचा शब्द काढायच्या आत, कुणी काही न म्हणता, खाली बसली.

शुक्रवारी टीव्हीवर सहा वेळा बघूनही जे जानरावांना पूर्ण कळलं नव्हतं ते आता कळलं. "मी बस नाही म्हटलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मागच्या मुलांनी माना पुढे केल्या. "उभी राह्य, बाई."

ती पुन्हा उठली, पण अर्धवट, बसायच्या तयारीत.

"मी तुले पह्यल्यांदा कवा बस म्हटलं होतं? आठवते तुले?"

उत्तर शिवमनं दिलं. वर्गात सगळ्यांना ते पाठ होतं. नव्हतं फक्त सरांना. "सर, गेल्या साली! सहावीत. भागलं का आकडा कमी होते, मंग अर्ध्यानं भागल्यावर वाढते काऊन, असं इचारलं होतं तिनं. तुमी म्हटलं नियम आहे, उलटं करून गुनाचं, तुह्या डोक्यात नाही जात, बस खाली."

सरांना आठवलं. प्रश्नही आठवला आणि त्या वेळी आलेला रागही. राग कशाचा होता तेही आता कळत होतं. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं. नियम येत होता. दोन भागिले अर्धा, उलटं करा, गुणा, चार. एकतीस वर्षं हे सांगितलं, आणि एकतीस वर्षांत 'काऊन' असं विचारणारी एकच पोरगी भेटली, तिला खाली बसवलं.

"मले तवा येत नव्हतं त्याचं उत्तर," जानराव म्हणाले. वर्गाला हे वाक्य नवीन होतं, कुणाला नीट समजलं नाही. "आत्ताही नाही येत, बाई. तुले मिळालं का मंग कुठं?"

प्रतीक्षानं वर बघितलं. "हाव."

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. शिवमचा व्हिडिओ अकरा बार घेतला ना आमी. मी खालून पाह्यत होती. भाकरी दिसत होत्या." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो, आणि तिचे गुडघे वाकायला लागले.

"बसू नको," जानराव घाईघाईनं म्हणाले. "मी बसतो."

आणि ते बसले. खुर्चीत नाही, सतरंजीच्या टोकाला, तिच्या जागेवर, गुडघे कुरकुरत, एक हात भिंतीला धरून. तिथून वर बघितलं तर फळा फार उंच होता, आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिलेली प्रतीक्षा त्याहून उंच. नाकपुड्याच दिसत होत्या आधी. कॅमेऱ्यानं खोटं दाखवलं नव्हतं.

हा पाठ कुणी चित्रित केला नाही. दीपमाला मॅडम पाचवीवर होत्या, हिंमतराव परिषदेचे फोटो गटावर टाकत होते, आणि टीव्ही पुन्हा खोळ घालून गप्प बसला होता. त्यामुळे तो कुठल्याच लिंकवर सापडणार नाही.

प्रतीक्षानं आपल्या डब्यातल्या दोन भाकरी काढून टेबलाच्या कडेला, खालून दिसतील अशा ठेवल्या. "ह्या दोन," ती म्हणाली. "दोनाले अर्ध्यानं भागाचं, म्हंजे यातून अर्धी-अर्धी किती बार निंघते ते पाह्यचं." तिनं एक भाकर मोडली, मग दुसरी. चार तुकडे मांडले. "चार. भाकर नाही वाढली सर. भाकर तेवढीच हाये. आपन मंघा भाकरी मोजत होतो, आता अर्ध्या मोजून राह्यलो."

ती थांबली. मग तिनं कमरेवर हात ठेवला, कारण शिकवताना इथं हात कमरेवर ठेवतात असंच तिनं पाहिलं होतं.

"समजलं का, सर?"

जानराव भाकरीकडे बघत राहिले. जरा जरा दिसत होतं काहीतरी, पण एकतीस वर्षांचा नियम मध्ये आडवा पडला होता. त्यांना लगेच हो म्हणता येईना, आणि खोटं हो म्हणवेना. इथं कुठलं वाक्य येतं ते अठराही जणांना माहीत होतं; शिवमचे तर ओठही हलले.

प्रतीक्षानं सरांकडे बघितलं. मग तिनं कमरेवरचा हात काढला, चारही तुकडे उचलून जोडीनं लावले, त्यांच्या पुन्हा दोन भाकरी केल्या, आणि जे वाक्य सहाच्या सहा व्हिडिओंत कुठेच नव्हतं ते म्हणाली.

"पुन्हा सांगू का, सर?"

"सांग, बाई," जानराव म्हणाले.